प्रोबेशन फसतं ते अटींमुळे

प्रोबेशनमध्ये माणूस तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर राहतो. अनेक देशांतल्या पॅरोलमध्ये शिक्षेचा काही भाग आत भोगतो आणि उरलेला बाहेर. दोन्हींचा कणा एकच: अटी.

१८४१मध्ये बोस्टनमधल्या जॉन ऑगस्टस या चर्मकाराने कोर्टात एका दारुड्याचा जामीन घेतला. अट एवढीच, की दारू सोडायची. तीन आठवड्यांनी तो शुद्धीवर, नीटनेटका कोर्टात उभा राहिला आणि नाममात्र दंडावर सुटला. बोस्टन ज्या अमेरिकी राज्यात आहे, त्या मॅसॅच्युसेट्सने १८७८मध्ये कायदा करून पगारी प्रोबेशन अधिकारी नेमायला सुरुवात केली.

पुढे अटींची यादी फुगत गेली. हजेरी, लघवीची तपासणी, समुपदेशन, संचारबंदी, शिवाय देखरेखीची फी. एकेक अट रास्त वाटते, पण एकत्र पाळताना दमछाक होते. हजेरी कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली, की नोकरी टिकवणं हीसुद्धा अटच असलेल्या माणसाने करायचं काय? पायातला जीपीएस पट्टा रोज चार्ज करावा लागतो. बॅटरी संपली तरी नोंद अटीभंगाचीच. असा माणूस नवा गुन्हा न करताही आत जातो.

म्हणून आधी माणूस पुन्हा गुन्हा करण्याची जोखीम तपासावी. कमी धोक्याच्या माणसावर कडक पहारा ठेवला तर उलट नुकसान होतं: नोकरी, घर, चांगली संगत तुटते. अधिकाऱ्याचा वेळ जास्त धोक्याच्यांवर खर्च व्हावा. चुकीला शिक्षा लगेच, ठरलेली आणि छोटी असावी. सहा महिने दुर्लक्ष करून एकदम तुरुंगात टाकणं, हा माझ्या मते निव्वळ आळस आहे.