छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी कमरेचे होल्स्टर निवडताना

शस्त्र परवान्यासाठी माणूस अर्ज करतो, पडताळणीसाठी पोलीस ठाण्याचे खेटे घालतो, मंजुरीची वाट पाहतो, रिव्हॉल्व्हरसाठी लाखाच्या घरात रक्कम मोजतो आणि मग दुकानातून निघता निघता काचेखाली पडलेल्या दोन-तीन होल्स्टरांपैकी, म्हणजे शस्त्र ठेवून कमरेला लावायच्या म्यानांपैकी, हाताला लागेल ते उचलून पिशवीत टाकतो. सराफी धंद्यामुळे माझ्या ओळखीत परवानाधारक बरेच आहेत, आणि त्यांतल्या अनेकांच्या कमरेला असेच, शस्त्राच्या मापाशी काडीचा संबंध नसलेले, वापरून मऊ पडलेले होल्स्टर मी पाहिले आहे. परवानाधारकावर शस्त्र रोखण्याची वेळ बहुधा आयुष्यात येत नाही, आणि येऊही नये. परंतु ते कमरेला बाळगून बसणे, उठणे, वाकणे, जिना चढणे आणि स्कूटरला किक मारणे हे रोजचेच असते. त्यामुळे ‘किती चटकन निघते’ यापेक्षा ‘नको तेव्हा किती पक्के बसून राहते’ हा प्रश्न होल्स्टर घेताना मी आधी विचारतो.

कायद्याचाही रोख तोच आहे. शस्त्र नियम, 2016 मध्ये सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगण्याविषयी तरतूद आहे. रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच तयार केलेल्या तत्सम साधनात असावे, ते पूर्णपणे झाकलेले असावे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा असावा, असा तिचा आशय आहे. नेफ्यात खोचलेले किंवा शबनम पिशवीत वह्यांच्या खाली टाकलेले रिव्हॉल्व्हर या अटींत बसत नाही. शर्टाबाहेर मूठ मिरवणारे होल्स्टरही बसत नाही, मग ते लग्नाच्या मांडवात कितीही रुबाबदार दिसो.

आपल्याकडे सामान्य परवानाधारकाच्या हाती बहुधा .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर असते. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे जुने मॉडेल सहा गोळ्यांचे, साधारण 3 इंची नळीचे आणि 700 ग्रॅमच्या आसपास वजनाचे आहे. 2014 साली आलेले ‘निर्भीक’ टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे सुमारे 500 ग्रॅमवर आले. ही दोन्ही मॉडेले वरची खिटी दाबून मधोमध मोडून उघडण्याच्या जुन्या धाटणीची आहेत आणि दोन्हींचा घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर काडतुसाच्या बुडावर आपटणारा भाग, मागे उघडा असतो. होल्स्टरच्या दृष्टीने या दोन गोष्टी निर्णायक ठरतात. परदेशी संकेतस्थळांवर दिसणारी बहुतेक होल्स्टरे ज्या अमेरिकी पाचगोळी रिव्हॉल्व्हरांसाठी बनतात, त्यांचे चक्र, म्हणजे गोळ्यांची घरे असलेला फिरता भाग, बाजूला उघडते आणि पुष्कळांचा घोडा सांगाड्याच्या आत दडलेला असतो. असे होल्स्टर मागवून त्यात आपले कानपुरी रिव्हॉल्व्हर ‘बसते की’ असे म्हणत दाबून बसवणे, हा पैशाचा अपव्यय तर आहेच, शिवाय ते धोक्याचेही आहे.

उघड्या घोड्याचा धोका कसा असतो ते एका प्रसिद्ध घटनेवरून ध्यानात यावे. 1 ऑक्टोबर 2024 रोजी पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या मुंबईतील घरी त्यांचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटले, गोळी सुटली आणि ती त्यांच्याच पायात शिरली, अशी बातमी तेव्हा सर्वत्र आली होती. त्या विशिष्ट शस्त्रात काय घडले यावर मी भाष्य करणार नाही. पण जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरात मिटलेल्या घोड्याचे टोक थेट काडतुसाच्या बुडापाशी टेकलेले असू शकते, आणि असे रिव्हॉल्व्हर घोड्यावर आपटले तर चापाला बोट न लावताही गोळी सुटू शकते. नव्या रचनेत घोड्याच्या वाटेत एक आडवी पट्टी असते आणि चाप पूर्ण ओढल्याशिवाय ती बाजूला होत नाही. आपल्या रिव्हॉल्व्हरात ही सोय आहे की नाही, हे विक्रेत्याकडून स्पष्ट विचारून घ्यावे. नसेल, तर घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची जुन्या लोकांची रीत शहाणपणाची आहे. दोन्ही परिस्थितींत रिव्हॉल्व्हर जमिनीवर पडताच कामा नये, आणि ती जबाबदारी होल्स्टरची.

आता प्रत्यक्ष होल्स्टर हातात घेऊन काय पाहावे ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे चापाभोवतीचे कडे पूर्ण झाकले गेले पाहिजे. जुन्या काही नमुन्यांत चाप उघडा राहील अशी खाच ठेवलेली असते आणि विक्रेता तिचे वर्णन ‘पटकन बोट जाते’ असे करतो. नेमके त्याच कारणासाठी ते नाकारावे. दुसरी गोष्ट होल्स्टरच्या तोंडाची. रिव्हॉल्व्हर बाहेर काढल्यावर तोंड उघडे राहिले पाहिजे. मऊ चामड्याचे तोंड रिकाम्या पाकिटासारखे मिटते, मग रिव्हॉल्व्हर परत घालताना दुसऱ्या हाताने कडा फाकवाव्या लागतात आणि त्या हाताचे बोट नळीच्या अगदी समोर येते. त्याहून वाईट म्हणजे, झिजून आत दुमडलेली चामड्याची कड चापाच्या कड्यात शिरते, आपण वरून दाब देतो आणि ती कड बोटाचे काम करते. चांगल्या होल्स्टरच्या तोंडाशी चामड्याचा दुहेरी थर किंवा आत शिवलेली पातळ धातूची पट्टी असते. अंगठ्याने तोंड दाबून पाहिले की फरक लगेच कळतो.

तिसरी गोष्ट म्हणजे घोड्यावरून जाणारी बटणाची पट्टी. छोट्या रिव्हॉल्व्हरला ती असलीच पाहिजे, या मताचा मी आहे, जरी केवळ घट्ट मापावर शस्त्र धरून ठेवणारी, बिनपट्टीची होल्स्टरेही उत्तम असू शकतात. पट्टी घोड्याच्या मागून अशी बसावी की बटण लागलेले असताना घोडा मागे ओढताच येऊ नये. बटण अंगाच्या बाजूला असावे आणि त्यामागे ताठ आधार असावा, म्हणजे मूठ पकडता पकडता अंगठा आत दाबला की ते सुटते. बाहेरच्या बाजूचे साधे बटण गर्दीत कुणाच्या पिशवीच्या बंदाला अडकूनही उघडते. मधोमध उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरात ही पट्टी वरच्या खिटीवर तर दाबून बसत नाही ना, हे आवर्जून पाहावे, कारण तयार मालात याचा विचार क्वचितच केलेला असतो. घरी पकड तपासायची माझी पद्धत सोपी आहे. सर्व काडतुसे काढून, सहाही घरे रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून, रिव्हॉल्व्हर होल्स्टरात बसवायचे, बटण न लावता गादीवर उलटे धरून चांगले हलवायचे. निसटले, तर ते होल्स्टर केवळ बटणाच्या भरवशावर चालले आहे असे समजावे.

होल्स्टर कितीही चांगले असले तरी ते पट्ट्यावर लटकते, आणि ऑफिसला घालायचा पातळ, मऊ पट्टा 700 ग्रॅमचा भार दिवसभर पेलू शकत नाही. दुहेरी चामड्याचा, शिवलेला, ताठ पट्टा घ्यावा आणि त्याची रुंदी होल्स्टरच्या फटींइतकीच असावी. 38 मिलिमीटरच्या फटीत 32 मिलिमीटरचा पट्टा घातला तर होल्स्टर पावलोपावली हेलकावे खाते. स्टीलच्या चिमट्याने अडकवायची होल्स्टरे घालायला-काढायला सोयीची असतात खरी, पण चिमटा सैल पडला की रिव्हॉल्व्हरसकट होल्स्टरच हातात येते. पट्टा ओवण्याच्या दोन फटी, एकमेकींपासून दूर असलेल्या, हव्यात. त्या मूठ अंगाकडे ओढून धरतात. छोट्या रिव्हॉल्व्हरची एक खोड येथे सांगायला हवी. त्याची नळी तोकडी आणि चक्र व मूठ जड असल्याने वजन वर एकवटते. होल्स्टर उंच बसणारे असेल तर मूठ बाहेर कलते आणि शर्टाखाली टेंगूळ दिसते. चक्राचा निम्मा भाग तरी पट्ट्याच्या रेषेखाली जाईल एवढे खोल ते बसावे.

कमरेवर जागा कोणती, याविषयीचे बरेच सल्ले अमेरिकी चित्रफितींतून येतात आणि ते इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तिथे चालक डावीकडे बसतो, सीटबेल्टचे कुलूप त्याच्या उजव्या कमरेशी येते, म्हणून गाडीत असताना शस्त्र डाव्या बाजूला आडवे लावावे असे सांगतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि कुलूप डाव्या कमरेशी येते. तो सल्ला पाळला तर होल्स्टर नेमके कुलपावर घासते. उजव्या हाताच्या माणसाने उजव्या कमरेच्या किंचित मागे, मूठ थोडी पुढे झुकलेली, अशी जागा निवडणे मला सर्वांत योग्य वाटते. पाठीच्या मणक्यावर मात्र कधीही लावू नये. रिक्षात टेकून बसता येत नाही, दुचाकीवरून घसरल्यास पोलादाचा तुकडा थेट कण्याखाली येतो आणि मागे उभ्या असलेल्या माणसाचा हात आपल्या हाताआधी तिथे पोहोचतो.

आपल्या रोजच्या हालचालींची परीक्षा तर कुठल्याच चित्रफितीत नसते. थोरांच्या पायाशी वाकून नमस्कार केला की मागून शर्ट वर सरकतो आणि सगळ्या दिवाणखान्याला मूठ दिसते. पंगतीत मांडी घालून बसले की सरळ उभे बसवलेले होल्स्टर मांडी आणि बरगडी यांच्यामध्ये अडकून वर ढकलले जाते. उकिडवे बसायच्या स्वच्छतागृहात पट्टा सैल करताच सारे वजन एका बाजूला लोंबते. तिथे बटणाची पट्टी लागलेली नसेल तर काय होईल, याची कल्पना करवत नाही. रिकामे रिव्हॉल्व्हर लावून या तिन्ही हालचाली घरी, दार लावून, करून पाहाव्यात. नाडीच्या पायजम्यावर कमरेचे होल्स्टर चालत नाही. कुर्त्याखाली स्वतंत्र ताठ पट्टा बांधावा किंवा त्या दिवशी शस्त्र तिजोरीत ठेवावे.

साहित्याच्या बाबतीत मी चामड्याच्या बाजूचा आहे. उष्णतेने वळवलेल्या कडक प्लास्टिकच्या होल्स्टरांची पकड नेमकी असते, ती घामाने खराब होत नाहीत आणि त्यांचे तोंड कधीच मिटत नाही. परंतु ती ठरावीक मॉडेलच्या साच्यावरच बनतात, आणि आपल्या कानपुरी रिव्हॉल्व्हरांचे साचे सहजी मिळत नाहीत. चामड्यात मात्र वनस्पतिजन्य कमावणीचे जाड कातडे घ्यावे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे कोल्हापुरी चपलांमुळे आपल्याला परिचित आहे. ते ओलसर असताना दाबून दिलेला आकार वाळल्यावर तसाच धरून ठेवते. क्रोमने कमावलेले मऊ कातडे जाकिटाला शोभते, होल्स्टरला नाही.

कारागिराकडून मापाने शिवून घेणार असाल तर एक पथ्य पाळावे. परवाना नसलेल्या माणसाच्या स्वाधीन रिव्हॉल्व्हर करता येत नाही, ‘संध्याकाळपर्यंत ठेवून जा’ असे तो कितीही आपुलकीने म्हणाला तरीही. मी जाड पुठ्ठ्यावर रिव्हॉल्व्हरची बाह्यरेषा काढली, चक्राची जाडी मोजून लिहिली आणि सुताराकडून त्या मापाचा लाकडी ठोकळा करून घेतला. त्यावर होल्स्टर शिवून आले. शेवटचा घाट मी घरीच दिला: रिकामे रिव्हॉल्व्हर पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून ओलसर केलेल्या चामड्यात बसवले, हाडाच्या पट्टीने चक्राच्या आणि कड्याच्या कडा उठवल्या, मग ते काढून चामडे सावलीत सुकू दिले. उन्हात वाळवले असते तर ते तडकले असते.

पावसाळ्यात आणि कोकणच्या दमट हवेत चामडे घाम पिते आणि तो ओलावा पोलादाला देते. म्हणून अंगाच्या बाजूला उंच घेतलेला चामड्याचा पडदा असावा, आणि रात्री रिव्हॉल्व्हर होल्स्टरातून काढून, पुसून, वेगळेच ठेवावे. चामड्याच्या घरात राहिलेल्या पितळी काडतुसांवर हिरवा थर चढतो तो चामड्यातली कमावणीची द्रव्ये आणि हा ओलावा यांमुळे. निवडणुकीच्या काळात शस्त्र ठाण्यात जमा करावे लागले, तर होल्स्टरची शिवण, बटण आणि तोंडाचा ताठपणा तपासायला आयती सवड मिळते. बटण सैल झाले असेल तर ते बदलून मिळते, पण तोंड मऊ पडले असेल तर दुरुस्तीच्या फंदात न पडता नवे शिवून घ्यावे. 2023 मध्ये कानपूरहूनच बाजूला उघडणाऱ्या चक्राचे ‘प्रबल’ आले आहे. ज्यांचा ते घेण्याचा विचार आहे, त्यांनी जुने होल्स्टर त्यासोबत चालेल असे गृहीत धरू नये, कारण सांगाड्याची ठेवणच निराळी असल्याने पुठ्ठ्यावरच्या बाह्यरेषेपासून सारे काम नव्याने करावे लागेल.