बिलाच्या रांगेतले शेवटचे सहा फूट

शनिवारी बायकोची ड्युटी असते, त्यामुळे महिन्याचा किराणा आणि आमची अडीच वर्षांची चिऊ, दोन्ही माझ्याकडे. नाशिकला आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एक मोठं सुपरमार्केट आहे. आतलं सगळं छान होतं. तूरडाळ, तेल, साबण, झाडू. चिऊ ट्रॉलीच्या सीटवर बसून साबणाच्या वड्या हुंगत असते. बिस्किटांच्या ओळीतूनही आम्ही निवांत पुढे जातो. घोडं अडतं ते बिलाच्या रांगेत, आणि गेले चार महिने त्या रांगेने माझा जीव मेटाकुटीला आणला.

काउंटरकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना जाळीचे रॅक आहेत. मी एकदा घरून टेप नेऊन मोजलं. खालचा कप्पा जमिनीपासून एक फुटावर, वरचा तीन फुटांवर. चिऊची उंची तीन फुटांना जेमतेम बोटभर कमी. म्हणजे गुडघ्यापासून कपाळापर्यंत तिच्यासमोर नुसत्या गोळ्या, जेली, चॉकलेटं आणि आत खेळणं असलेली ती अंडी. माझ्या डोळ्यांसमोर दाढीची ब्लेडं आणि बॅटरीचे सेल. ही मांडणी चुकून झालेली नाही. मूल रडेल, रांगेत आईबाप कानकोंडे होतील आणि घेतील, हा हिशेब त्यात आहे, असं माझं ठाम मत आहे.

जुलैचा पहिला शनिवार. पगाराचा आठवडा, नऊपैकी चारच काउंटर सुरू. दुपारचा पाऊण वाजलेला, चिऊची जेवणाची वेळ टळून गेलेली. (ही माझी पहिली चूक. भुकेलं किंवा पेंगुळलेलं मूल घेऊन रांगेत उभं राहू नका.) आमच्या पुढच्या ताईंच्या शेंगदाण्याच्या पाकिटाचा बारकोड स्कॅन होईना. काउंटरवरच्या मुलीने दोनदा हाक मारली, कोणी येईना. मागे तीन ट्रॉल्या लागलेल्या, म्हणजे मागे फिरायचीही सोय नाही. चिऊने हात लांब केला आणि अंडं उचललं. मी काढून परत ठेवलं. तिने दुसरं उचललं. "बाबा, अंदं पायजे." मी समजावलं, घरी लाडू आहे म्हटलं. तिसऱ्यांदा मात्र मी तिच्या हातातून हिसकावलं.

मग काय, सीटवर धनुष्यासारखी ताठ झाली. पडेल म्हणून खाली उतरवलं, तर तिने फरशीवर लोळण घेतली. पाय झाडताना डाव्या पायातला बूट उडून रॅकखाली गेला. चेहरा लालबुंद, रडता रडता श्वास अडकायला लागला. मागचे आजोबा म्हणाले, "अहो, देऊन टाका की. लेकरू आहे. पन्नास रुपयांनी काय होतंय?" एक काकू हळूच बोलल्या, "आईची सवय असेल हो तिला." ते वाक्य मला फार लागलं. गुडघ्यावर बसून रॅकखालून बूट काढला, अंडं उचललं आणि काउंटरच्या सरकत्या पट्ट्यावर ठेवलं. चिऊ क्षणात गप्प. शेंगदाण्याचा बारकोड तेव्हाही अडलेलाच होता.

त्याचे परिणाम पुढच्या दोन खेपांना भोगले. ती आता काउंटरची वाट बघत नव्हती, दुकानाच्या दारातूनच भोकाड पसरत होती. मोठ्याने रडलं की मिळतं, हे तिला मीच शिकवलं होतं.

सर्दीसाठी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा विषय काढला. ते म्हणाले, मनाला आवर घालणारा मेंदूचा भाग या वयात अगदी कच्चा असतो, त्यामुळे तिला वाईट वळण लागलंय असं समजू नका. पण कधी द्यायचं, कधी नाही, हे सगळ्यात घातक. त्यातून मूल चिकाटीने रडायला शिकतं. नाही म्हटलंत तर ते नाहीच राहू द्या, आणि पहिल्या दोन-तीन वेळा रडणं वाढेल हे धरून चाला. नेमकं तेव्हाच माणूस हार मानतो आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. साखरेचंही त्यांनी सांगितलं: दोन वर्षांपर्यंत वरची साखर नकोच, त्यानंतर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण सहा चमचे.

रडणं खरंच वाढलं. ऑगस्टमध्ये एकदा भरलेली ट्रॉली तिथल्या दादांकडे सोपवून "दहा मिनिटांत येतो" म्हटलं आणि तिला उचलून बाहेर आणलं. पार्किंगच्या पायरीवर ती अकरा मिनिटं रडली. मी शेजारी बसून राहिलो. तुला ते हवं होतं ना, मिळालं नाही म्हणून राग आलाय, एवढंच म्हणालो. रडून थकल्यावर तिने स्वतःहून माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मग आत जाऊन बिल केलं. हे करायला वेळ हातात हवा, म्हणून आता आम्ही सकाळी दहाला, दुकान उघडलं की जातो. निघण्याआधी पोहे पोटभर.

घरून निघतानाच तिला सांगतो: आज डाळ, साबण आणि तुझं एक फळ. फळ ती निवडते, पेरू की केळं. रांगेत तिचे हात मोकळे ठेवायचे नाहीत, ही माझी सगळ्यात मोठी शिकवण. साबण, मिठाची पिशवी, कोलगेट असं एकेक तिच्या हातात देतो, ती पट्ट्यावर मांडते. काउंटरवरची ताई "वा, छान लावलंस गं" म्हणते तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. आणखी एक, दोन रुपये सुट्टे नसले की तिथे टॉफी देतात. तीही नको, म्हणून मी यूपीआयनेच पैसे देतो. माझ्या आईलाही सांगितलं, चिऊला गप्प करायला लिमलेटची गोळी देऊ नकोस. आई चार दिवस रुसली, पण ऐकलं.

मॅनेजरांना भेटलो. "मांडणी वरून ठरते सर, आमच्या हातात नाही." मी तक्रार वही मागितली. माझी मामेबहीण इंग्लंडमध्ये असते, तिच्याकडून कळलं की तिथे १ ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांना बिलाच्या काउंटरपाशी असा गोड माल ठेवायला बंदी आहे. आपल्याकडेही एफएसएसएआय या अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या २०२० च्या नियमांत शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायला मनाई आहे. मग रांगेत अडकलेल्या मुलाच्या नाकासमोर दोन्ही बाजूंनी ते कसे चालतात? हे सगळं लिहिलं आणि एकच मागणी केली: नऊपैकी एका काउंटरजवळ गोड नको. तीनदा लिहिलं. उत्तर नाही.

गेल्या शनिवारी चिऊने एक अंडं हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "आज नाई ना?" मी म्हटलं, "नाही, आज पेरू." तिने ते परत ठेवलं, चुकीच्या कप्प्यात, पण ठेवलं. मला तिथेच तिला उचलून नाचावंसं वाटलं.

बिल झाल्यावर वही पुन्हा मागितली. माझ्या नोंदीखाली दोन वेगळ्या अक्षरांत लिहिलं होतं, "आमचीही हीच मागणी." त्याखाली मी चौथ्यांदा तारीख घातली आणि सही केली.