डिस्ट्रॉय म्हणजे काय हो?

मार्च महिना, हळदीचे सौदे भरात. सांगली मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून फोन आला, "कॉम्प्युटर अडकलाय, शेतकरी विक्रीच्या हिशोबपट्टीसाठी खोळंबलेत." विश्रामबागेतून गाडी काढली.

तिथं लिनक्सवर केव्हीएम, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवायची सोय, आणि त्यात हिशोबाचं विंडोज मशीन. पिंगला, म्हणजे नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला, उत्तर नाही; स्क्रीन गोठलेली. असली आभासी मशीनं हाताळायची कमांड म्हणजे 'विर्श'. 'विर्श लिस्ट' मारली तर म्हणे 'रनिंग'! आधी सभ्यपणे 'विर्श शटडाउन'. ही नुसती विनंती. आतलं विंडोज शुद्धीवर असेल तरच ऐकतं. पाच मिनिटं थांबलो. ढिम्म.

"बरं केलं थांबला," दिवाणजी म्हणाले. "पेव उघडलं की आमी लगीच उतरत नव्हतो. हवा खेळू द्यायची." पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार. हरिपूरच्या कितीतरी पेवांची 2005 च्या पुरात वाट लागली, दिवाणजींची सवय मात्र टिकली.

मग 'विर्श डिस्ट्रॉय' टाइप केलं. दिवाणजींनी नेमका तोच शब्द वाचला. "अहो सायेब, डिस्ट्रॉय? अख्ख्या सीझनचा हिशोब हाय त्यात!" नाव भयंकर असलं तरी काम प्लग उपटण्याएवढंच, डिस्कवरचा डेटा जागच्या जागी राहतो, असं समजावलं. (हे नाव ठेवणारा कधी गिऱ्हाइकासमोर बसला नसणार.)

एंटर दाबलं. उत्तर आलं: प्रोसेस संपत नाही, डिव्हाइस बिझी. प्रोसेस जबरदस्तीनं संपवणारा नऊ नंबरचा सिग्नल, 'किल -9', मारून पाहिला, तोही वाया. आता घाम मला फुटला. 'पीएस'मध्ये, म्हणजे चालू प्रोसेसच्या यादीत, त्या प्रोसेसपुढे 'डी' अक्षर होतं. म्हणजे ती कर्नलमध्ये, लिनक्सच्या गाभ्यात, कुठल्यातरी डिस्कच्या उत्तराची वाट बघत अडकलेली; ते येईपर्यंत नऊ नंबरचा सिग्नलही दाराबाहेरच उभा. कर्नलच्या लॉगमध्ये यूएसबी रीसेटच्या ओळींवर ओळी. मशीनला बॅकअपसाठी जोडलेली बाहेरची डिस्क कपाटामागे सापडली, हळदीच्या धुळीनं पिवळीधमक.

वायर उपटली. कर्नलनं त्या डिस्कचा नाद सोडला, आणि मघापासून ताटकळलेला सिग्नल लागू पडला. यादीत 'शट ऑफ'. परत सुरू करताना गायब डिस्कवरून कुरकुर झाली. मशीनच्या कॉन्फिगमधून (सेटिंगच्या फाइलमधून) ती काढली तेव्हा विंडोज उठलं.

शेवटच्या दोन पट्ट्या मात्र सॉफ्टवेअरमध्ये नव्हत्या. दिवाणजींनी गादीखालून वही काढली. दोन्ही निळ्या शाईत, तोलाई-हमालीसकट. ते वाचत गेले, मी टाइप करत गेलो.