‘ग्राफिक कार्ड सापडले नाही’ : वाइन, डीएक्सव्हीके आणि माझा अनुभव

मॉड्युलर किचनची थ्रीडी डिझाइन्स मी ज्या सॉफ्टवेअरमध्ये करते ते फक्त विंडोजसाठी बनवलेलं आहे. त्याच्या हेल्पलाइनवर जो कुणी फोन उचलेल तो मला एकच सांगायचा, "मॅडम, तुमचं ग्राफिक कार्ड गेलंय. नवीन मशीन घ्या." कार्ड गेलेलं नव्हतं. आज त्याच लॅपटॉपवर, लिनक्समध्ये, तेच सॉफ्टवेअर नीट चालतंय. तरी ते उत्तर आठवलं की अजून चीड येते, कारण तेवढ्या एका वाक्यावर लोक खरंच नवीन लॅपटॉप घेत असतील.

लिनक्सकडे वळले त्याचं कारण साधं आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझा लॅपटॉप इंटेलच्या सहाव्या पिढीचा, विंडोज ११ च्या यादीत न बसणारा. स्क्रीन चांगली, बॅटरी चांगली, तो भंगारात का काढायचा? डेबियनच्या घराण्यातलं लिनक्स घातलं, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन घातलं, सॉफ्टवेअर चढवलं, लायसन्सही लागलं. यात सांगण्यासारखं काही नाही.

सॉफ्टवेअर उघडलं, पण ओटा फिरवून दाखवायला गेलं की चित्र अडखळायचं. विंडोजचे प्रोग्राम चित्र काढायला डायरेक्टथ्रीडी या विंडोजच्या ग्राफिक्स यंत्रणेचे कॉल करतात, म्हणजे तिला सूचना देतात, आणि लिनक्सवर डायरेक्टथ्रीडी नसतं. वाइनमधला वाइनडीथ्रीडी हा भाग ते कॉल बहुतेक वेळा ओपनजीएल या लिनक्सला कळणाऱ्या जुन्या ग्राफिक्स यंत्रणेत उतरवतो. माझ्याकडे तोच रस्ता संथ पडत होता. दुसरा रस्ता डीएक्सव्हीकेचा, जो डायरेक्टथ्रीडीचे कॉल व्हल्कन या नव्या ग्राफिक्स यंत्रणेत उतरवतो. व्हल्कन २०१६ मध्ये आलं, आणि व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन काढलं त्यातही डीएक्सव्हीकेच आहे. तेव्हा भरवशाचं म्हणून मी ते घातलं.

आणि इथेच सगळं अडलं. सॉफ्टवेअर सुरू होताना खोका यायचा : ‘ग्राफिक कार्ड सापडले नाही’. हेल्पलाइनवाले तोच खोका मला परत वाचून दाखवत होते. इकडे टर्मिनलमध्ये व्हल्कनइन्फो (व्हल्कनची माहिती दाखवणारी कमांड) चालवलं की इंटेलचं कार्ड स्वच्छ दिसायचं. व्हल्कनची ती फिरणाऱ्या ठोकळ्याची चाचणीही सुरळीत चालायची. ओपनजीएलचे खेळ चालत होते. एकीकडे मशीन सांगतंय की कार्ड आहे, दुसरीकडे सॉफ्टवेअर म्हणतंय नाही, आणि ज्यांना मी दरवर्षी पैसे भरते ते म्हणतायत नवीन घ्या. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला, वाइनचा प्रीफिक्स (वाइनचं विंडोज ज्यात राहतं तो फोल्डर) नव्याने बनवला, वाइनसीएफजी या वाइनच्या सेटिंग्जच्या लायब्ररीज टॅबमध्ये डीथ्रीडी९ ला (डायरेक्टथ्रीडी ९ ची लायब्ररी) ‘नेटिव्ह, बिल्टइन’ केलं. खोका जागचा हलेना.

उत्तर निघालं लॉगमधून. डीएक्सव्हीके चालताना प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये शेवटी डीथ्रीडी९ डॉट लॉग असं नाव असलेली फाइल तयार होते. तीत होतं, ‘नो अडॅप्टर्स फाउंड’. म्हणजे डीएक्सव्हीके बरोबर लोड होत होतं, पण त्याला व्हल्कनचा एकही ड्रायव्हर दिसत नव्हता. मग प्रोग्रामच्या ईएक्सईवर ‘फाइल’ ही कमांड चालवली. पीई३२ असं आलं. पुढे अधिकचं चिन्ह असतं तर ६४ बिट. नुसतं पीई३२ म्हणजे ३२ बिट. माझा व्हल्कनचा ड्रायव्हर फक्त ६४ बिटचा होता! व्हल्कनइन्फोही ६४ बिटचं, त्यामुळे ते बिचारं खरंच सांगत होतं. ३२ बिटच्या प्रोग्रामला ३२ बिटचा ड्रायव्हर लागतो, आणि तो आपणहून येतोच असं नाही.

उपाय एवढासा. पॅकेजेस सांभाळणाऱ्या डीपीकेजीला आय३८६ हे ३२ बिटचं आर्किटेक्चर जोडायचं, एपीटी अपडेट करायचं, मग मेसा-व्हल्कन-ड्रायव्हर्स आणि लिबव्हल्कन१ ही दोन पॅकेजेस शेवटी कोलन आणि आय३८६ लावून घालायची. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ३२ बिटच्या लायब्ररी मुख्य ड्रायव्हरच्याच आवृत्तीच्या हव्यात. पुढच्या वेळी सॉफ्टवेअर उघडलं आणि ओटा, कपाटं, चिमणी, सगळं हाताच्या वेगाने फिरलं. मी आनंदाने ओरडले.

हे आधी सांगायला हवं होतं : डीएक्सव्हीकेच्या डीएलएल फाइल हाताने टाकत असाल तर ६४ बिटच्या प्रीफिक्समध्ये ३२ बिटची फाइल सिसवाउ६४ मध्ये जाते आणि ६४ बिटची सिस्टिम३२ मध्ये. नावं उलटी वाटतात, पण विंडोजची रचनाच तशी आहे. विनट्रिक्स या वाइनच्या मदतनीस स्क्रिप्टमधून डीएक्सव्हीके घातलंत तर ही कटकट नाही. शिवाय जानेवारी २०२४ च्या वाइन ९.० पासून वाइनची एक नवी रचना आहे, तीत ३२ बिटचे विंडोज प्रोग्राम ६४ बिटच्या लायब्ररींवर चालतात. तुमचं वाइन तसं बांधलेलं असेल तर वरची पॅकेजेस लागणारच नाहीत.

डीएक्सव्हीकेबद्दल मला मनापासून आदर वाटतो. डायरेक्टथ्रीडी ९ च्या काळातले प्रोग्राम बऱ्याचदा शेडर, म्हणजे कार्डावर रंग-प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्राम, देतच नाहीत. इथे दिवा, इथे पोत, इतकं धुकं, एवढंच सांगून मोकळे होतात. व्हल्कनमध्ये तशी सोय नाही, म्हणून डीएक्सव्हीके त्या सूचनांवरून स्वतः शेडर तयार करतं. वायचा अक्षही डायरेक्टथ्रीडीत वर जातो आणि व्हल्कनमध्ये खाली. तोही तेच सांभाळतं. माझ्या एकाही कपाटाचं दार उलटं लागलेलं नाही.

चालतंय ते डीएक्सव्हीकेच ना, याची खात्री करायला डीएक्सव्हीके_एचयूडी या व्हेरिएबलला १ द्या. डावीकडे वर कार्डाचं नाव आणि एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) दिसतं. तिथे एलएलव्हीएमपाइप दिसलं तर चित्र कार्डावर नाही, प्रोसेसरवर निघतंय. आणि लॅपटॉप चौथ्या पिढीचा, म्हणजे हॅसवेल असेल तर २.० पासूनचं डीएक्सव्हीके घेऊ नका. त्याला व्हल्कन १.३ लागतं आणि त्या चिपचा व्हल्कन सपोर्ट तिथवर पोचत नाही. १.१०.३ ही जुनी आवृत्ती घालून बघा.