शब्दवहीची प्रगती : ‘गफॉ’ आणि आपला अट्टहास

हसण्याच्या इंग्रजी शब्दांसाठी मी वेगळी वही घातली आहे, हे शब्दप्रेमी मित्रांना ठाऊक आहेच. मागील नोंदीनंतर ‘चकल’, ‘गिगल’ आणि ‘स्निगर’ हे तीन शब्द लवकर मार्गी लागले. पहिल्यासाठी खुदखुदणे, दुसऱ्यासाठी खिदळणे आणि तिसऱ्यासाठी दुसऱ्याच्या फजितीवर दबक्या आवाजात फिदीफिदी हसणे, असे प्रतिशब्द नोंदवले. ‘गफॉ’ (guffaw), म्हणजे एकदम फुटणारे मोठे हसू, या शब्दाने मात्र पूर्ण महिना घेतला.

प्रथम मी त्याच्यापुढे ‘अट्टहास’ असे लिहून मोकळा झालो होतो. सरावासाठी केलेल्या अनुवादात ‘त्याच्या अट्टहासाने खोली भरून गेली’ असे वाक्य होते. ते वाचून माझ्या भाचीने विचारले, ‘मामा, कसला अट्टहास धरला होता त्याने?’ तिचा प्रश्न रास्त होता. संस्कृतात अट्टहास म्हणजे मोठ्याने केलेले हास्य. पण आजच्या मराठीत अट्टहास केला जातो तो एखाद्या गोष्टीच्या हट्टासाठी, आणि हसण्याचा अर्थ उरला आहे तो पौराणिक कथांतील राक्षसांपुरता. आमच्या सोलापुरात हा शब्द आणखी एक वळण घेतो, कारण तेलुगू घरांत ‘अट्टहासंगा’ म्हणजे थाटामाटात. एकच शब्द दोन शेजाऱ्यांकडे दोन वाटांनी गेला, हे पाहून मला फार आनंद झाला. तरी वहीतील ती नोंद खोडावी लागली.

‘गफॉ’ म्हणजे एकाएकी फुटलेले, मोठे आणि आवरता न आलेले हसू. उच्चारात भर दुसऱ्या अक्षरावर असतो. ऱ्हस्व ‘ग’पाशी श्वास अडतो आणि दीर्घ ‘फॉ’मध्ये तो सुटतो. शब्द ध्वनीचे अनुकरण करूनच घडला असावा, असे व्युत्पत्तिकार मानतात. तो १७२० च्या सुमारास स्कॉट बोलीतून वर आला आणि त्याच अर्थाचा ‘गॉफ’ हा शब्द तेथे सोळाव्या शतकातही आढळतो. तो नाम आहे आणि क्रियापदही आहे. नाम म्हणून तो मोजता येतो, म्हणजे एखादा माणूस एक ‘गफॉ’ सोडतो किंवा लागोपाठ दोन सोडतो. आपली अडचण नेमकी येथेच आहे. मराठीत ‘हशा’ आहे, पण तो पिकतो समुदायात. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक रंगले म्हणजे जो उठतो तो सभागृहाचा असतो, एकट्या माणसाचा नसतो. खो खो, खदखदून, खळखळून, पोट धरधरून ही सगळी हसण्याची रीत सांगतात. त्या एका स्फोटाला नाव देत नाहीत.

‘गफॉ’ या शब्दात थोडा असभ्यपणाही आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगून स्मित आणि हसित उत्तम पात्रांकडे, विहसित आणि उपहसित मध्यमांकडे, तर अपहसित आणि अतिहसित अधमांकडे दिले आहेत. अतिहसितात डोळ्यांत पाणी येते, आवाज चढतो आणि हात बरगड्यांवर जातात. ‘गफॉ’चे घर या शेवटच्या पायरीवर आहे. ही प्रतवारी मला व्यक्तिशः मान्य नाही, पण इंग्रजी शब्दाचा कल तिच्यामुळे चांगला उमगतो.

या आठवड्यात सोलापूरच्या पूर्व भागातील एका यंत्रमाग कारखान्यात जाणे झाले. वीज गेली, माग थांबले, आणि अचानक पसरलेल्या शांततेत कोणी काही पुटपुटले. कांडीवर सूत सांधत बसलेल्या एका प्रौढ कामगाराने मान मागे टाकली, क्षणभर काहीच ऐकू आले नाही, आणि मग जो एकच आवाज निघाला त्याने पत्र्याचे छत दणाणले. सोबतचा तेलुगू मित्र म्हणाला, ‘पगलबडी नव्वाडु’, म्हणजे तो फुटून हसला. कानडी मंडळी अशा हसण्याला ‘गहगहिसि नगु’ म्हणतात आणि उर्दूत ‘कहकहा’ आहे. लॅटिनमधील ‘काकिन्नारे’ आणि संस्कृत धातुपाठातील (क्रियापदांच्या मूळ रूपांच्या यादीतील) हसण्याच्या अर्थाचा ‘कख्’ यांचीही मला आठवण झाली. बहुतेक ठिकाणी घशातून निघालेले कंठ्य व्यंजनच पुढे आलेले दिसते, आणि आपले ‘खो खो’ त्याच पंगतीत बसते.

म्हणून वहीत एकच प्रतिशब्द न देता प्रयोगानुसार नोंद केली आहे. नामासाठी ‘गडगडाटी हास्य’ किंवा, प्रसंग आनंदाचा असेल तर, ‘सातमजली हास्य’. क्रियापदासाठी ‘खो खो हसणे’. एकच झटका दाखवायचा असेल तर ‘त्याला हसू फुटले आणि खोली दणाणली’ अशी मोकळी रचना. भाचीला नवे वाक्य वाचायला दिले, तेव्हा ती काही न विचारता पुढच्या ओळीकडे गेली.

एक जागा अजून रिकामी आहे. इंग्रजी कथांत संवादानंतर ‘तो म्हणाला’ या ठिकाणी हे क्रियापद एकटेच उभे राहते, आणि तेथे ‘खो खो हसत तो म्हणाला’ हे लांबते. बार्शी, मंगळवेढा किंवा अक्कलकोट भागात अशा हसण्याला एकशब्दी क्रियापद कोणाच्या घरात चालत असेल, तर ते मला कळवावे. पुढील नोंद ‘कॅकल’ची, म्हणजे कर्कश हसण्याच्या शब्दाची असेल.