टूटू क्रमांक 3 : दहा थर लागले, आता टाके

टूटू म्हणजे बॅले नर्तकीचा नेटच्या थरांचा घागरा, भाचीसाठी मी तो शिवतेय. क्रमांक 2 चं काय झालं ते आधी सांगून टाकते. तो बसला. भाचीने घातला, दोन उड्या मारल्या, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, ही मिटलेली छत्री आहे." बारा मीटर नेट आणि तीन आठवड्यांच्या रात्री पाण्यात. तेव्हापासून क्रमांक 3 मशीनवर आहे.

चूक कुठे होती ते उसवताना कळलं. मी सगळा जीव वरच्या थरांत ओतला होता, कारण दिसतात तेच. मांडीजवळचे बोटभर उंचीचे थर कोण बघतंय, म्हणून तिथे चुण्या कमी घातल्या आणि दोन थर तर गाळूनच टाकले. पण पॅनकेक टूटूचा, म्हणजे कमरेशी सपाट, आडवा राहणाऱ्या टूटूचा (आमच्या घरात याला घावन म्हणतात) सगळा भार त्या आखूड थरांवर असतो. सर्वांत खालचा थर त्याच्या वरच्याला रेटतो, तो त्याच्या वरच्याला, आणि असं करत करत सर्वांत वरचा लांब थर कमरेशी आडवा राहतो. पाया कच्चा ठेवून गच्ची बांधायला निघाले होते.

या वेळची मापं, इंचांत, खालून वर: दीड, 3, साडेचार, 6, साडेसात, 9, साडेदहा, 12, 13, 14. प्रत्येक पट्टी 5 मीटर लांब. तिच्या चुण्या ओढून चड्डीवर शिवायची. सुरुवात पायाच्या घेराजवळच्या आखूड थरापासून केली, म्हणजे वरचं नेट मध्ये लुडबुडत नाही. सातव्या थरानंतर मात्र मशीनच्या पायाखाली नेमकं काय आहे ते दिसेनासं होतं. फेसाच्या टबात हात घालून साबण शोधावा तसं शिवत होते.

नेटबद्दल. दुकानात "टूटूसाठी" म्हटलं की समोरचा गोंधळतो. "कॅनकॅन द्या, कडक" म्हटलं की लगेच गठ्ठा खाली येतो, कारण लेहंग्याखाली तेच जातं. पॅरिसच्या एका नाचाचं नाव आपल्या कापडबाजारात नेटचं नाव होऊन बसलंय आणि त्याच नेटचा मी पॅरिसच्याच दुसऱ्या नाचाचा पोशाख शिवतेय. मी कडक नेट खालच्या सहा थरांना आणि मऊ नेट वरच्या चार थरांना वापरलं. एक तक्रार: दोन वेळा एकाच दुकानातून "तोच पांढरा" आणला. एक गठ्ठा निळसर निघाला, दुसरा पिवळट. ट्यूबलाइटखाली लक्षातच आलं नाही. निळसर खाली ढकलला.

आता हा घेर इतका आखूड आणि आडवा झाला तरी का? उत्तर पायांत आहे. 1730 च्या आसपास पॅरिसमध्ये मारी कामार्गो या नर्तकीने पायांचं चपळ काम दिसावं म्हणून घागरा जरा वर घेतला. 12 मार्च 1832 ला पॅरिस ऑपेरात "ला सिल्फीद" हे बॅले झालं. मारी ताल्योनी पोटरीपर्यंतच्या, घंटेसारख्या पांढऱ्या तलम घागऱ्यात चवड्यांच्या टोकांवर नाचली. घोटे आणि चवडे दिसणं गरजेचं होतं, नाहीतर ती तरंगतेय हे कळणार कसं? शतकाच्या शेवटी इटालियन नर्तकी आल्या त्या गिरक्यांचं दणकट तंत्र घेऊन. 1885 मध्ये रशियात पोचलेल्या व्हर्जिनिया झुक्कीने तिथला लांब घागरा नाकारून आखूड घातला. पिएरिना लेन्यानीने 1895 च्या "स्वान लेक"मध्ये एका पायावर सलग 32 फुएते (दुसऱ्या पायाच्या झटक्याने घेतलेल्या गिरक्या) घेतले. गुडघा आत-बाहेर कसा होतो ते दिसणार नसेल तर एवढ्या गिरक्या घेऊन उपयोग काय? तरी ते घागरे गुडघ्याच्या आसपासच होते. आडवं घावन विसाव्या शतकातलं.

"टूटू" हा शब्दसुद्धा साजूक नाही. फ्रेंच बोबड्या बोलीत ढुंगणाला "क्यूक्यू" म्हणतात, त्यावरून तो आला असं मानतात. दहा थर चड्डीवर शिवून झाल्यावर मला ही व्युत्पत्ती पूर्ण पटली.

मध्ये एक आठवडा वाट सोडून भटकले. नायलॉन येण्यापूर्वी हे घागरे सुती असत, खळ दिलेल्या विरविरीत टार्लटनचे. म्हटलं, करून बघू. मलमल आणली, साबुदाण्याची दाट खळ केली आणि बाहुलीच्या मापाचा ताल्योनी घागरा शिवला. पहिल्या संध्याकाळी काय दिसत होता! टेबललॅम्प मागे ठेवला तर कडा धुक्यासारख्या उजळायच्या. पॅरिस ऑपेरात 1822 पासून गॅसचे दिवे होते. त्या उजेडात पांढऱ्या घागऱ्यांची रांग भुतासारखी का भासत असेल ते डोळ्यांना एकदम पटलं. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. ठाण्याची जुलैतली हवा खळीला मानवत नाही. संध्याकाळपर्यंत घागरा ओल्या पापडासारखा लोळागोळा झाला.

त्या उजेडाची एक किंमतही होती. 15 नोव्हेंबर 1862 ला ताल्योनीची शिष्या एमा लिव्ही हिचा घागरा तालमीत गॅसच्या दिव्यावर पेटला. ती आठ महिने तळमळून 1863 च्या जुलैत गेली. तेव्हा तुरटीसारखे क्षार वापरून कापड अग्निरोधक करण्याची पद्धत होती, ऑपेरात तसा आदेशही होता. पण त्याने कापड ताठ आणि मळकट दिसायचं, म्हणून तिने ते नाकारलं होतं. तिच्या पोशाखाचे जळके अवशेष पॅरिसमध्ये ऑपेराच्या ग्रंथालय-संग्रहालयात जपलेले आहेत. मलमलीचा घागरा हातात असताना हे वाचलं तेव्हा आधी उठून देवघरातल्या समईपासून तो लांब ठेवला. नायलॉनही पेटू शकतं, पण आधी वितळतं. आठव्या थराला इस्त्री टेकली आणि रुपयाएवढं भोक पडलं, हा स्वानुभव. ते आता एका चुणीत लपलंय.

सर्वांत कंटाळवाणं काम कडांचं. वरच्या चार थरांच्या कडेला त्रिकोणी टोकं कापायची, म्हणजे कड कापल्यासारखी न दिसता विरल्यासारखी दिसते. इंचाला एक टोक, म्हणजे पाच मीटरच्या पट्टीला जवळपास दोनशे. चार पट्ट्या, आठशे टोकं. पट्टी चौपदरी घडी करून कापली तरी अंगठ्याला फोड आला. घरभर बारीक त्रिकोण झाले, परवा वरणातही एक निघाला.

मग कड्याचा प्रश्न. घेर सपाट राहावा म्हणून मधल्या एका थरात पोलादी पट्टीचं कडं घालतात. दोन दिवस विचार करून मी घातलं नाही, आणि याचं श्रेय बार्बरा कारिन्स्काला. खार्किवमध्ये जन्मलेली ही बाई न्यूयॉर्कमध्ये नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बालांशिनच्या बॅलेंचे पोशाख करायची. त्याच्या "सिम्फनी इन सी"च्या शेवटी रंगमंचावर पन्नासएक नर्तक एकत्र येतात. कड्याचे ताठ टूटू एकमेकांना लागले की थाळीसारखे उलटे तिरपे व्हायचे. तिने 1950 मध्ये कडंच काढून टाकलं, थर सहा-सातवर आणले, घेर आखूड केला आणि थर एकमेकांना मुद्दाम सैल, वेडेवाकडे टाचले. पावडर लावायच्या फुलासारखा मऊ झाला म्हणून नाव पडलं पावडर-पफ. माझं मत विचाराल तर टूटूच्या इतिहासातली सर्वांत हुशार दुरुस्ती हीच. माझे थर दहाच आहेत, म्हणजे धड घावन नाही आणि धड पफही नाही, पण कड्याशिवाय उभं राहतंय.

सध्या या टाक्यांवरच आहे. सुईत दुहेरी दोरा घ्यायचा, एका थरातून वर काढून पुढच्या थरापर्यंत इंचभर सैल सोडायचा, गाठ मारायची. क्रमांक 2 मध्ये हेच टाके गच्च आवळले होते, त्यामुळे सगळे थर एकाच फळीसारखे हलायचे. सैल ठेवले की प्रत्येक थर आपापला हलतो.

रविवारी बॉडिस (वरची घट्ट चोळी) न लावताच भाचीला कमरेशी पिना टोचून घातला. तिने सोफा मागे सरकवला आणि एक गिरकी घेतली. ती थांबली, टूटू अर्धा क्षण पुढे गेला, मग परत येऊन जागेवर बसला. दोघी काही बोललो नाही. मग ती म्हणाली, "मागून थोडा खाली वाटतोय." खरंच वाटतोय. पाठीमागचे सहा-सात टाके उसवून पुन्हा घालायचे आहेत, बॉडिसची तिरप्या कापडाची बाजू अजून कापायची आहे, हुकं तर आणलेलीच नाहीत. तोवर टूटू माळ्याच्या हुकाला उलटा टांगलाय, थर पडू नयेत म्हणून तसाच ठेवतात. नवरा जाता-येता त्याला झुंबर म्हणतो.