अंडी अडली, आणि फॉर्मही

सापाच्या मादीने अर्धी अंडी घातली आणि मग थांबली, तर "ती आराम करतेय" असं कुणीही सांगो, ऐकू नका. मला हे दवाखान्याच्या काउंटरवरून ऐकवलं गेलं आणि ते अजून डोक्यातून जात नाही.

आमची केशर म्हणजे कॉर्न स्नेक, घरी पाळतात तो बिनविषारी साप. नराशी जमणं, पोट भरत जाणं, अंड्यांआधीची कात टाकणं, सगळं वेळच्या वेळी झालं. ती कात टाकली की कॉर्न स्नेकची मादी साधारण 10 ते 14 दिवसांत अंडी घालते. केशरनेही ओल्या शेवाळाच्या डब्यात शिरून रात्रीतून बरीच अंडी घातली. मग एकदम बंद. शरीराच्या मागच्या भागात दोन फुगवटे स्पष्ट दिसत होते. मधेच जोर करायची, परत निपचित पडायची. कोमट पाण्यात बसवलं, पेटीतलं तापमान आणि डब्यातला ओलावा तपासला. दुसरा दिवस संपत आला तरी फुगवटे तिथेच, तेव्हा फोन लावला.

"अपघात आहे का? रक्त येतंय का? श्वास लागलाय का?" नाही, नाही, नाही. "मग तातडीचं नाही. ऑनलाइन फॉर्म भरा." फॉर्ममध्ये प्राणी निवडायचा: कुत्रा, मांजर, ससा, पक्षी, इतर. आम्ही इतर. पुढचा रकाना शेवटच्या लसीकरणाच्या तारखेचा, आणि तो रिकामा ठेवला की फॉर्म पुढे सरकेना. सापांना कसली लस? परत फोन केला, तर तिकडून शांतपणे उत्तर आलं, "कुठलीही तारीख टाका." त्याखाली "भूक कशी आहे?" हा प्रश्न. अंड्यांच्या दिवसांत मादी बहुतेक वेळा खाणं सोडतेच, पण मी "खात नाही" लिहिलं आणि त्यावर मिळालेला सल्ला असा, की साप आठवडेच्या आठवडे खात नाहीत, काळजी नसावी. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली.

पुढच्या आठवड्यापर्यंत आत काय होतं ते त्या काउंटरवर कुणालाच ठाऊक नव्हतं. अडलेलं अंडं आत कुजतं, संसर्ग होतो, अंडनलिकेचं अस्तर त्याला चिकटतं. जोर करकरून नलिकाच बाहेर येऊ शकते, आणि आत फाटली तर जीव जातो. साप ओरडत नाही, लंगडत नाही. मरणाच्या दारात असतानाही तो वेटोळं घालून पडलेला दिसतो, म्हणून त्यांच्या यादीत तो कायम "स्थिर".

शेवटी मी डबा उचलला आणि थेट जाऊन बसले. तिथेही "साप बघून बाकीचे प्राणी घाबरतील" म्हणून आम्हाला मागच्या खोलीत बसवलं आणि विसरून गेले. आधी नखं कापायला आलेला ससा आत गेला, मग कान साफ करायला आलेलं मांजर. दर थोड्या वेळाने मी काउंटरवर जाऊन तेच सांगत होते, आणि माझा आवाज चढत होता. अखेर तिथल्या एका मदतनीस मुलीने डब्यात डोकावून विचारलं, "घालायला सुरुवात करून थांबलीय?" हो म्हटल्यावर ती डॉक्टरांकडे पळाली. तेव्हा तुम्ही फोन कराल तो असा करा: "मादीने काही अंडी घातली, दोन दिवस झाले, बाकीची आतच आहेत, ती जोर करतेय." पहिल्याच वाक्यात. खाणंपिणं, स्वभाव, वय सगळं नंतर.

आत गेल्यावर मात्र सगळं भराभर झालं. सोनोग्राफी झाली. सापाच्या अंड्याचं कवच चामड्यासारखं आणि त्यात चुना कमी, त्यामुळे एक्सरेत ते कासवाच्या अंड्याइतकं ठळक दिसत नाही. ऑक्सिटोसिनचं, म्हणजे कळा आणणाऱ्या संप्रेरकाचं, इंजेक्शन देणार का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, कासवांत त्याचा गुण चांगला येतो, सापांत भरवसा कमी. लवकर दिलं तर कधी उपयोग होतो, पण वाटच अडलेली असेल तर त्याने नलिका फाटायची भीती. केशरचं मागचं अंडं आकाराने मोठं होतं, वाट त्यानेच अडवली होती. तिला भूल देऊन पोटाच्या बाजूने सुई घातली, अंड्यातला द्रव ओढून घेतला, आणि ते अंडं आक्रसलं. तरीही बाहेर आलं नसतं तर शस्त्रक्रिया. ती वेळ आली नाही: चुरगळलेलं अंडं घरी आल्यावर पडलं आणि त्याच्यामागून दुसरंही. मी एवढी हुशारले की काउंटरवर फोन करून मुद्दाम कळवलं.

राहिलंच. पोट दाबून अंडं पुढे सरकवायला जाऊ नका, व्हिडिओत कुणी कितीही सफाईने करून दाखवलं तरी. पेटी थंड असणं, अंडी घालायला आडोशाची ओलसर जागा नसणं, पाण्याची कमतरता, लठ्ठपणा, किंवा मादी फार लहान असताना जोडी लावणं, ही अडण्याची नेहमीची कारणं. आणि नर नाही म्हणून निर्धास्त राहू नका. एकट्या मादीलाही फळ न धरलेली अंडी होतात आणि तीही अडतात.

नंतर तिला आधी पाणी, मग नेहमीपेक्षा लहान भक्ष्य. काही माद्या त्याच हंगामात दुसऱ्यांदा अंडी घालतात, आणि तोवर अंगात काही उरलेलं नसतं. म्हणून नराची पेटी मी दुसऱ्या खोलीत हलवली. आधीची चांगली अंडी उबवणीला ठेवलीत. ती उचलताना वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा आणि तीच बाजू वर राहू द्या. अंडं उलटलं तर आतला गर्भ मरू शकतो.